पुरात भिजलेली दुनळी आणि सराफाची अल्ट्रासोनिक मशीन

सीनाकाठ (परंडा तालुका)
५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, ते पण गरज पडली म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटी सीनेला जो पूर आला त्यात आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. माणसं आणि जनावरं वाचली, त्यातच सगळं आलं. आतल्या खोलीत लोखंडी पेटीत आजोबांची बारा बोअरची दुनळी होती. बेल्जियमची आहे, निजामाच्या काळात घेतलेली. परवाना आता वडिलांच्या नावावर आहे. पेटी दोन दिवस पाण्याखाली होती. उघडली तर बंदूक गाळात लोळवल्यासारखी. तोंडावर खंडेनवमी, म्हणून ओल्या फडक्यानं वरवर पुसली, खोबरेल तेल लावलं, पूजेत मांडली आणि परत ठेवून दिली.

परवा बघतो तर नळ्यांवर लाल ठिपके यायलेत, दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, फुगलाय, आणि घोडा चढवला की आतून वाळू दळल्यासारखा करकर आवाज.

माझा शाळेतला मित्र सराफ आहे. त्याच्याकडे दागिने धुवायची अल्ट्रासोनिक मशीन आहे. काळी पडलेली पैंजणं टाकली की पाच मिनिटांत लख्ख. तो म्हणाला, "खोलून घेऊन ये, रात्रभर ठेवून देऊ." मोबाइलवर बघितलं तर परदेशातले लोक पिस्तुलंच्या पिस्तुलं त्यात बुडवतात. आपल्याकडं कुणी केलंय का? करावं का?

तोफखाना
५ ऑक्टोबर, रात्री ९:३२

परंड्याचे तुम्ही, आणि दुनळीचं काय घेऊन बसलात! मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरला ओतली, मग तुमच्याच किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली. वजन ५५ टन. तिला कुठल्या सराफाचा टब पुरणार?

(दादा, राग मानू नका. आमच्याही घरात पाणी होतं. हसल्याशिवाय दिवस जाईना.)

निवृत्त_आरमोरर (परभणी)
५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सीनाकाठ, मशीनचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी, आत्ताच्या आत्ता.

एक, बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का बघा. काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि बोट घालूनही बघायचं. दोन, घोडा चढवणं आणि चाप ओढणं बंद. तुम्ही ऐकताय ती करकर म्हणजे सीनेची वाळू आहे, दर वेळी ती पोलादावर कानस चालवते. तीन, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. गाळाचा बोळा आत राहिला आणि कुणी बार काढला तर नळी फाटते. फुगत नाही, फाटते, आणि ती डाव्या हाताच्या जागी फाटते. नोकरीत असा एक हात बघितलाय.

पेटीत काडतुसं होती का? असतील तर ती उन्हात वाळत घालू नका आणि वापरू तर मुळीच नका. ओलसर दारू अर्धवट पेटते, आतली टिकली, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती, नळीत अडकून राहते, मागून दुसरा बार काढला की वर सांगितलं तेच.

सीनाकाठ
५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

काका, बघून आलो. रिकामी आहे. उजव्या नळीत उजेड दिसतो, डावीत अर्धा. काडतुसं अकरा होती, सगळी फुगलीत. घोडा आता हात लावणार नाही.

जालन्याचा_फिटर
६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

आमच्या कारखान्यात बेअरिंगं आणि व्हॉल्व्ह धुवायला मोठी अल्ट्रासोनिक टाकी आहे, बारा वर्षं मीच चालवतो. बंदुकीतलं मला कळत नाही, पण टाकीतलं कळतं. म्हणून तेवढंच सांगतो.

टाकीच्या बुडाला खालून चकत्या चिकटवलेल्या असतात, त्या थरथरतात. बहुतेक मशिनी ४० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० हजार वेळा. त्या थरथरीनं पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. फुटताना जो फटका बसतो तो घाण उचकटतो. ब्रश जिथं पोचत नाही तिथं, म्हणजे आट्यांत, छिद्रांत, कोपऱ्यात, हे बुडबुडे पोचतात. खरी कमाई एवढीच. रसायन नुसतं घाण भिजवतं, मार बुडबुड्यांचा असतो.

आता लोक कुठं चुकतात ते. नळाचं पाणी ओतलं आणि लगेच वस्तू टाकली तर पाण्यात विरघळलेली हवा त्या फटक्याला गादीसारखी मऊ करते. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं रिकामंच चालवायचं. रिकामं म्हणजे पाणी भरून, पण वस्तू न घालता. पाणीच नसताना चालवलं तर चकत्या जळतात, तसली एक टाकी आमच्याकडं भंगारात गेलीय. पाणी ५० ते ६० अंश असावं. जास्त गरम केलं की जास्त साफ होईल असं वाटतं, पण उकळीकडं गेलं की बुडबुडे वाफेनं भरतात आणि फटका उरत नाही. वस्तू बुडाला टेकवायची नाही, जाळीच्या टोपलीत अधांतरी ठेवायची. ज्या भोकाला एकच तोंड आहे ते खाली करून ठेवलं तर आत हवा अडकते आणि तेवढी जागा कोरडीच राहते. मधून पालथं-उताणं करत राहायचं.

मशीन चालते का बघायचं असेल तर पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल एक मिनिट पाण्यात उभी धरा. सगळीकडं सारखी भोकं पडली तर मशीन ठणठणीत. एका बाजूलाच पडली तर एखादी चकती मेलेली आहे.

शेवटचं: गाळ भरलेला सुटा भाग तसाच टाकू नका. पाणी गढूळ झालं की तो गाळच लाट खाऊन टाकतो. आधी बादलीत खळबळून घ्या.

गॅरेज_बीड
६ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

आम्ही इंजेक्टर आणि कार्बोरेटर यातच धुतो. पाण्याचं काय घेऊन बसलात, टाकीत पेट्रोल नाहीतर थिनर घाला. ग्रीस एका मिनिटात पळतं, आणि गंजायची भीती पण नाही.

जालन्याचा_फिटर
६ ऑक्टोबर, सकाळी ८:५२

भाऊ, असं सांगू नका. तुमचं नशीब आजवर चांगलं आहे एवढंच. टाकी स्वतःच पाणी तापवते, खाली वीज, वर पेट्रोलची वाफ. एक ठिणगी पुरे. सॉल्व्हंट लागतंच असेल तर ते काचेच्या बरणीत घेऊन ती बरणी टाकीतल्या पाण्यात ठेवतात, लाट काचेतून जाते. पण पेट्रोल, थिनर, स्पिरिट बरणीतही नको. घरातल्या माणसानं साबणाच्या पाण्यावरच राहावं.

गॅरेज_बीड
६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

बरं. चूक झाली. आमच्याकडं मशीन दारात ठेवतो म्हणून चालतं असं वाटायचं.

निवृत्त_आरमोरर
६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

फिटरसाहेबांनी मशीनचं काम सोपं केलं. आता बंदुकीच्या बाजूनं सांगतो. लांबेल.

सीनाकाठ, तुमच्या नळ्या असतील २८ किंवा ३० इंचांच्या. सराफाच्या टबात पाटल्या बसतात, नळ्या बसत नाहीत. मोठा टब असता तरी मी नको म्हटलं असतं. दुनळीच्या दोन नळ्यांच्या मधे वरून आणि खालून जी पट्टी असते ती कथलाच्या डागानं जोडलेली असते. जुन्या बंदुकीत तो डाग कुठंतरी केसाएवढा सुटलेला असतोच. गरम साबणाचं पाणी त्या फटीतून आत गेलं की बाहेर यायला वाट नाही. आत गंज धरतो, आणि तो बाहेर दिसेपर्यंत दहा वर्षं जातात. तुमच्या बाबतीत पुराचं पाणी दोन दिवस होतंच, म्हणून ती पट्टी नखानं टकटक करत तपासून घ्या. आवाज कुठं पोकळ आला तर बंदूक घरात ठेवा आणि थेट परवानाधारक कारागिराकडं.

नळी साफ करायला गज, पितळी ब्रश आणि चिंधी, एवढंच. काडतुसाच्या बाजूनं घालायचं, तोंडाच्या बाजूनं नाही. नळीच्या आतला शिशाचा थर, प्लास्टिकच्या टोपणाचा थर हे मशीननं तसंही नीट निघत नाही, तिथं घासावंच लागतं.

मशीन कामाची आहे ती सुट्या पोलादी भागांना. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागं ओढणारा भाग), फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळते ती), त्यांच्या स्प्रिंगा, स्क्रू. यांच्या खाचांत जो वाळलेल्या तेलाचा आणि काजळीचा लुकण असतो, त्याला ब्रशनं दोन तास लागतात आणि मशीनला आठ-दहा मिनिटं. वेळ लावून थोडं थोडं टाका. रात्रभर ठेवायचं नाव काढू नका. सराफाला सोन्याची सवय आहे, सोन्याला पाण्याची भीती नसते.

काय टाकायचं नाही तेही सांगतो. लाकूड नाही. शिंगाची, हस्तिदंती, मोत्याची मूठ नाही. निकेलचा मुलामा असलेलं जुनं रिव्हॉल्व्हर नाही, कुठं पापुद्रा सुटला असेल तर तिथून सगळा सोलून निघतो. काच नाही, दुर्बीण नाही, रंग भरलेली माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, नाही. काळा रंग, म्हणजे ब्लूइंग, साध्या साबणाच्या पाण्यात थोडा वेळ टिकतो, पण आम्लाच्या पाण्यात टिकत नाही, कारण तो रंग म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे. सराफ चांदी उजळायला जे आम्ल वापरतात त्यातलं चमचाभरही त्या टबात राहिलं असेल तर तुमचे भाग पांढरे होऊन बाहेर येतील. ॲल्युमिनियमला उलट, सोडा किंवा कडक क्षार चालत नाही. पितळेच्या वस्तूला अमोनिया नको. आणि निरनिराळे धातू एकाच टोपलीत एकमेकांवर टाकू नका.

जिवंत काडतूस या मशीनजवळही आणू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आता गंजाचं. लाल ठिपके मशीन काढणार नाही. सुटा गंज झडेल, खड्डा राहील. बारीक पोलादी लोकर, चार शून्याची, तेलात भिजवून हलक्या हातानं. विटकरीची भुकटी, राख, रांगोळी यांनी आजोबा घासत असतील तर त्यांना नमस्कार करून तुम्ही घासू नका.

पाटीलवाडा
६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

आमच्या आज्यानं जन्मभर राखेनं आणि करडईच्या तेलानं बंदूक ठेवली. कधी बिघडली नाही. ही मशिनीची थेरं शहरातली.

निवृत्त_आरमोरर
६ ऑक्टोबर, दुपारी २:४५

पाटीलसाहेब, करडईचं तेल हवेत वाळून डिंकासारखं चिकट होतं. वाळलं की त्याला धूळ धरते, आणि पावसाळ्यात फायरिंग पिन मधेच अडकते. आज्याची बंदूक रोज हातात असायची म्हणून चालली. आपली वर्षातून एकदा पाटावर येते. खोबरेल तेल तसं वाळत नाही, पण थंडीत ते गोठतं.

ॲड_लातूर
६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

सगळे स्वच्छतेचं बोलताय, माझ्या डोळ्यांपुढे ते "खोलून घेऊन ये, रात्रभर ठेवून देऊ" हे वाक्य नाचतंय.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात "शस्त्रे" या शब्दात शस्त्रांचे भागही येतात. म्हणजे तुमच्या मित्राच्या दुकानात रात्रभर राहिलेली फायरिंग पिन म्हणजे विनापरवाना माणसाच्या ताब्यातलं शस्त्र. दुरुस्ती करायलाही कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. मित्र चांगला असेल, पण त्याच्या दुकानात उद्या दुसऱ्याच कारणानं तपासणी आली तर पैंजणांच्या शेजारी घोड्याच्या स्प्रिंगा सापडतील.

दुसरं, परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही. कलम ३ मध्ये सवलत आहे: परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येतं. तेव्हा कारागिराकडं नेताना वडील बरोबर हवेत, नाहीतर त्यांची सही केलेली चिठ्ठी आणि परवाना तरी. घरी साफ करतानाही वडील शेजारी बसलेले बरे.

उपाय सोपा आहे. बंदूक मशीनकडे न्यायची नाही, मशीन बंदुकीकडे आणायची.

परवान्याचं पुस्तक पण भिजलं का? भिजलं असेल तर लगेच ठाण्यात कळवून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. आणि ती अकरा काडतुसं नदीत फेकू नका, वडिलांच्या अर्जासोबत ठाण्यात किंवा विक्रेत्याकडं रीतसर जमा करा. पोच घ्या.

सराफगल्ली_नांदेड
६ ऑक्टोबर, रात्री ८:००

मीही सराफ. वकीलसाहेबांशी सहमत, आणि माझ्या धंद्याच्या बाजूनं आणखी एक. बारा बोअरचे छर्रे शिशाचे, काडतुसाच्या टोपीतही शिशाचं संयुग असतं. ती काजळी ज्या टबात उतरली त्यात दुसऱ्या दिवशी बाळाचे वाळे धुवायचे? मी तरी नाही देणार माझी मशीन. द्यायचीच तर टब आणि टोपली वेगळी हवी.

जाता जाता: इथं नांदेडला दिवाळीच्या आधी तख्तस्नान असतं. गोदावरीचं पाणी आणून सचखंड हुजूर साहिबचं तख्त धुतात आणि तिथली जुनी शस्त्रं उजळतात. लहानपणी बघायला जायचो. शस्त्रं उजळणाऱ्याला आपल्याकडं शिकलगार म्हणतात. सैकल म्हणजे झिलई, त्यावरून. मशीन नव्हती तेव्हाही ही विद्या होती आणि ती हातात होती.

दहामीटर (छ. संभाजीनगर)
६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

माझी मुलगी एअर रायफल खेळते. गेल्या वर्षी १ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं त्यानंतर आमच्या रेंजवर पोरांची रांग लागली. त्या पालकांपैकी एकानं चष्म्याच्या दुकानात असते तसली छोटी मशीन घेतली आणि उत्साहात एअर रायफलचे भाग त्यात घातले. रबरी ओ-रिंगा फुगल्या, हवा धरेना. सील बदलायला मुंबईहून माणूस.

एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, काजळीच नाही. तिला अल्ट्रासोनिकचं कामच काय? नळीतून फेल्टची गोळी सारायची, संपलं. .२२ च्या रायफलचं वेगळं. तिच्या गोळीवर मेण आणि शिसं दोन्ही असतं, बोल्टच्या तोंडावर राख चिकटते. तिथं बोल्ट खोलून आठ मिनिटं मशीन उपयोगी पडते, हे मी बघितलंय. आमच्या प्रशिक्षकांचा नियम असा की मशीनमधून आलेला भाग सामन्याच्या आठवड्यात लावायचा नाही. तेल नव्यानं बसेपर्यंत चापाचा हात बदलतो म्हणतात.

ठासणी (किनवट)
७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आमच्याकडं परवान्याची ठासणीची बंदूक. रानडुकरं ज्वारीत, हरभऱ्यात घुसतात, त्यांना भेव दाखवायला बार काढतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, एक रात्र तशीच राहिली की सकाळी नळी लाल. आम्ही त्याच दिवशी कढत पाण्यानं धुतो. तेलानं ती राख जात नाही, पाण्यानंच जाते. मशीनबिशीन काही नाही, पातेलं आणि चूल. पाणी इतकं कढत की नळी हातात धरवत नाही, त्यानंच ती वाळते.

निवृत्त_आरमोरर
७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

किनवटकर, अगदी बरोबर. जुन्या रायफलींच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं जळून मीठच उरायचं. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं: आधी कढत पाणी, मग तेल. नवे शिपाई उलटं करायचे, मिठावर तेल चोपडायचे आणि आठवड्यानं शिक्षा खायचे.

म्हणून म्हणतो, सीनाकाठ, पाण्याला भिऊ नका. भ्यायचं ते पाण्यातून काढल्यानंतरच्या दहा मिनिटांना. मशीन पोलादावरचं सगळं तेल काढून टाकते, आटीतलं सुद्धा. असं उघडं पोलाद तुमच्या डोळ्यांदेखत पिवळं पडायला लागतं. आणि आपल्या मराठवाड्यातलं बोअरचं पाणी! बादलीला जो पांढरा थर धरतो तो फायरिंग पिनवर धरलेला मी बघितलाय. तेव्हा टबात भरायला आणि शेवटी खळबळायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, पाच लिटरचा कॅन कुठंही मिळतो. खळबळायचं पाणी गरम ठेवा. भाग बाहेर काढला की सुती फडकं, मग केस वाळवायचा ड्रायर, आणि हाताला चटका बसतोय तोवरच तेल. गार झाल्यावर नाही. पाणी हटवणारा स्प्रे, डब्ल्यूडी-४० सारखा, आधी मारला तरी चालेल, पण तो रक्षण करणारं तेल नव्हे, उडून जातो. त्यावर शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं तेल हवंच.

तेल, चिंध्या, ड्रायर हे सगळं शेजारी मांडून झाल्यावरच मशीनचं बटण दाबायचं. आणि त्या वेळात लाईट जाणार नाही हे बघा!

सीनाकाठ
७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. मित्राला फोन केला, तो पण घाबरला, "मला काय माहीत" म्हणाला. जुनी लहान मशीन पडून आहे, ती घरी आणून देतो म्हणाला, वेगळ्या टोपलीसकट. एक विचारायचं: दस्त्याचं काय करू? आणि कुलूप, म्हणजे घोड्याची आतली पेटी, मी उघडू का?

निवृत्त_आरमोरर
७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

पेटी उघडू नका. त्या स्क्रूच्या खाची केसासारख्या बारीक असतात, बाजारातला पेचकस घातला की कड तुटते, आणि आतली जाड स्प्रिंग सुटली तर डोळा घेऊन जाते. तो भाग कारागिराचा. तुम्ही फक्त नळ्या उतरवा, पुढचं लाकूड काढा, एक्स्ट्रॅक्टर काढा. बाहेरून पोचणारी वाळू ड्रायरच्या गार हवेनं आणि मऊ ब्रशनं काढा, आणि कारागिराला आधीच सांगा की ही पुरातली आहे.

दस्ता सावलीत, वारा लागेल असा, पंधरा-वीस दिवस. उन्हात नाही, चुलीवर तर नाहीच, तडकतो. फुगलेला असताना लोखंडावर ठोकून बसवू नका. वाळला की जवसाच्या तेलाचे हलके हात. आपल्याकडं जवस आहेच. पण ते तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, मग टाका.

ॲड_लातूर
७ ऑक्टोबर, दुपारी २:००

नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधीही लागतील. आचारसंहितेत शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. सरसकट नाही, छाननी समिती ठरवते, पण नोटीस आली तर द्यावीच लागते. भिजलेली बंदूक तशीच मालखान्यात महिना-दीड महिना उभी राहिली तर परत काय मिळेल? कारागिराचं काम त्याआधी उरका.

बारा_बोअर_हिंगोली
७ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

आमची एकदा तशी परत मिळाली होती. कुठल्या ठाण्यातून ते सांगत नाही. नळीत कोळ्याचं घरटं होतं. तेव्हापासून जमा करताना नळीत ग्रीसची चिंधी फिरवतो आणि परत आल्यावर आधी ती काढतो. काढायला विसरायचं नाही, ही गोष्ट पण लिहून ठेवा.

सीनाकाठ
१३ ऑक्टोबर, रात्री १०:३०

झालं एकदाचं. काल रविवारी वडील खुर्चीत, मी आणि मित्र खाली सतरंजीवर. वडिलांनी परवान्याची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, वकीलसाहेबांचा निरोप त्यांनी फारच मनावर घेतला.

फॉइलची परीक्षा घेतली. अर्ध्या बाजूला भोकं, अर्ध्या बाजूला काहीच नाही. मित्राला सहा वर्षं माहीत नव्हतं की त्याची मशीन अर्धीच चालते! मग टोपली चालत्या बाजूला सरकवली. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, आधी दहा मिनिटं नुसतंच. एक्स्ट्रॅक्टर बादलीत धुतलेला होता, मला वाटलं साफच आहे. टाकल्याबरोबर त्याच्या खाचेतून काळा धूर निघावा तसा गाळ निघाला. वडील वाकून बघत होते. म्हणाले, "हा पुराचा नाही. हा आबांच्या वेळचा आहे." खरंच, मातकट नव्हता तो, काळा होता.

चूकही सांगतो. दोन स्क्रू टोपलीत विसरलो. एक्स्ट्रॅक्टर पुसून, वाळवून, तेल लावून झाल्यावर आठवलं. पंधरा मिनिटं झाली असतील. वर काढून फडक्यावर ठेवले आणि ड्रायर दुसऱ्या खोलीत होता तो आणेपर्यंत त्यांच्यावर केशरी झाक. लगेच तेलात घासली, गेली. काका म्हणाले ती दहा मिनिटं म्हणजे किती लहान असतात ते कळलं.

डावीतला बोळा गजानं निघाला, आत गाळ आणि एक मेलेलं झुरळ. दोन्ही नळ्यांतून आता गोल उजेड दिसतो, डावीत तोंडाजवळ बारीक खड्डे आहेत. पट्टीवर टकटक केली, माझ्या कानाला सगळीकडं सारखी वाटली, पण मागच्या टोकाला वडिलांना वेगळी वाटली. परवा दोघं मिळून कारागिराकडं नेतोय, पट्टी आणि पेटी दोन्ही दाखवायला. तोवर बार नाही. काडतुसं जमा केली, पोच घेतली. टबातलं पाणी मोरीत ओतलं नाही, कॅनमध्ये बंद करून चिठ्ठी लावून ठेवलंय, कारागिरालाच विचारतो त्याचं काय करतात ते.

निवृत्त_आरमोरर
१३ ऑक्टोबर, रात्री १०:५०

छान. हातमोजे घातले होते ना? आणि फायरिंग पिनला तेल किती घातलंत?

सीनाकाठ
१३ ऑक्टोबर, रात्री १०:५५

मोजे होते. पिन पेटीतच आहे, बाहेरून तोंडाशी दोन-तीन थेंब सोडले.

निवृत्त_आरमोरर
१३ ऑक्टोबर, रात्री १०:५७

जास्त झालं. कोरड्या चिंधीनं टिपून घ्या, आज रात्रीच. नळ्या खाली करून उभी ठेवा, म्हणजे उरलेलं दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही.

सीनाकाठ
१३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

टिपलं. दस्ता अजून माडीवर सावलीतच आहे, नुसतं लोखंड उभं केलंय. वडील झोपले होते, त्यांना उठवून शेजारी बसवलं.

तोफखाना
१३ ऑक्टोबर, रात्री ११:३१

वकीलसाहेब, वाचताय ना?